अर्ध्या शटरचे दिवस

सलूनवाल्याची थोरली बहीण लग्न होऊन सासरी गेली, त्या वर्षी मी या दुकानाला लागलो. पाहुण्यांच्या गाद्या दुकानात रचून ठेवल्या होत्या. त्या बाहेर काढताना जुन्या लाकडी दाराची फळी मोडली. "एवीतेवी घरात कार्य झालंच आहे, तर दुकानालाही नवीन दार होऊन जाऊ दे," असे सलूनवाल्याचे वडील म्हणाले आणि मला घेऊन आले.

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. सकाळी मला वर गुंडाळतात आणि रात्री खाली ओढतात. लोक मला शटर म्हणतात.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथे माझ्या पट्ट्या कापल्या, वाकवल्या आणि एकीत एक अडकवल्या. मला बसवणाऱ्या मिस्त्रीला दुसऱ्या कामाला जायचे होते. ज्या दोन खाचांतून मी वरखाली सरकतो, त्यातली उजवी खाच त्याने घाईत जरा तिरकी बसवली. त्यामुळे माणसाच्या छातीइतका वर आलो की मी ओरडतो. पहिल्या दिवशी सगळी गल्ली दचकून जागी झाली.

"मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडतंय," म्हातारबा, म्हणजे सलूनवाल्याचे वडील, म्हणाले. "राहू दे. गिऱ्हाइकाला बोलवायला वेगळा माणूस नको."

हळूहळू गल्लीला माझी सवय झाली. "शटर ओरडलं, अजून अंथरुणातच लोळतोयस?" असे घराघरांतून ऐकू येऊ लागले. माझ्यावर एका रंगाऱ्याने केस कापलेल्या माणसाचे चित्र काढले. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा झाला आहे, म्हणून तो कायम आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. तो आता बराच पुसट झाला, पण आश्चर्य तेवढे राहिले आहे.

म्हातारबांच्या हाताची एक खूण होती. बाकीचे कारागीर मानेवरचे केस सरळ रेषेत कापतात. म्हातारबा मधोमध एक बारीक टोक सोडत. "आपलं गिऱ्हाईक पाठमोरं चाललं तरी ओळखू आलं पाहिजे," असे ते म्हणत. ते गेल्यावर मुलगा खुर्चीमागे उभा राहिला. त्याच्याही हातून तेच टोक उमटू लागले. गल्लीतल्या सगळ्या पुरुषांच्या मानेवर ते असायचे.

माझ्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर, एक खिडकी आहे. त्या खिडकीत काकू बसत. त्यांची छाती कित्येक वर्षांपासून नाजूक होती. आडवे झाले की श्वास अडायचा, म्हणून त्या रात्री खुर्चीत बसूनच काढत. रात्र फार लांब असते, असे त्या म्हणत. सलूनवाल्याला त्यांनी एकदा वरूनच बजावले होते, "अरे, त्याला तेलबिल घालू नकोस हं. ते ओरडलं की माझी रात्र संपते."

"काकू, लोक शिव्या घालतात मला."

"घालू देत. मी आशीर्वाद देते ना, फिटंफाट."

काकूंच्या यजमानांना गल्ली नियमकाका म्हणायची. नोकरीत असताना ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर सगळी गल्लीच त्यांची कचेरी झाली. सायकल कुठे लावायची, कचरा कधी बाहेर ठेवायचा, नळ किती वेळ चालू ठेवायचा, सगळ्यावर त्यांचे लक्ष. "काका स्वप्नातसुद्धा रांगेत उभे राहत असतील," सलूनवाला खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा आणि कात्री थांबवून दोघेही हसायचे.

मग साथ आली आणि सगळे बंद झाले.

सुरुवातीला मला बरे वाटले. इतकी वर्षे रोज वरखाली करून माझे सांधे दुखत होते. वाटले, जरा विसावा मिळेल. पण विसावा संपेचना. बंदी वाढली, मग आणखी वाढली. नंतर किराणा अर्धा दिवस उघडा झाला. रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकाने एक दिवस आणि उजव्या बाजूची दुसऱ्या दिवशी, असे ठरले. पुढच्या आठवड्यात तेही बदलले. चष्म्याचे दुकान उघडले, कुलपांचे उघडले. सलून मात्र बंदच.

"काल म्हणे सुरू, आज म्हणे बंद," सलूनवाला माझ्यासमोर उभा राहून शेजारच्या शिंपीणताईला सांगत होता. "काय ते एकदा पक्कं सांगून टाका की."

"माझं बघ ना," शिंपीणताई म्हणाली. "कपडा विकायला परवानगी, शिवायला नाही. लोकांनी काय गुंडाळून हिंडायचं?"

माझ्या आत, दुकानामागच्या खोलीत, सलूनवाल्याचे बिऱ्हाड होते. तो, त्याची बायको आणि दोन मुली. मी खाली असलो की आतले सगळे मला ऐकू यायचे. एका सकाळी त्याच्या बायकोने पिठाचा डबा उलटा करून बुडावर थाप मारली.

"संपलं. आता कात्र्या उकडून घालू का पोरींना?"

त्याने डबा सरळ करून फळीवर ठेवला. संध्याकाळी तो तेलाची बाटली घेऊन आला. दोन्ही खाचा त्याने फडक्याने पुसल्या आणि वरपासून खालपर्यंत तेल सोडले. तिरक्या खाचेला तर हाताने चोळचोळून तेल लावले. मग मला हळूच उचलले. छातीइतका वर आलो आणि माझ्यातून आवाजच निघाला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी मुका झालो.

तिथून अर्ध्या शटरचे दिवस सुरू झाले. मला छातीपर्यंतच उचलायचे. गिऱ्हाइकाने वाकून आत शिरायचे. आत दिवा एकच. तोंडाला फडके बांधून कटिंग करायची आणि माणूस जसा आला तसा वाकून बाहेर. पोलिसांची गाडी आली की मला खाली सोडायचे. सगळ्यांच्याच तोंडाला फडकी, त्यामुळे मला आता लोकांचे चेहरे दिसत नव्हते. मी त्यांना पायांवरून ओळखू लागलो. अंडीवाल्याची एक चप्पल खिळा मारलेली होती. दूधवाल्याच्या पायांना नेहमी सायकलच्या साखळीचे काळे वंगण लागलेले असे.

तेवढ्यावर मागच्या खोलीतली चूल पेटत होती. हे मला दिसत होते, म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही.

समोरच्या खिडकीतही मला दिसत होते. काकूंना सकाळ झालेली कळेना. "आज शटर ओरडलं नाही का हो?" त्या विचारत. काका म्हणत, "बंद आहे. बंदच राहू दे." काकांनी खिडकीतून दोरीला टोपली बांधून सोडली होती. दूध त्यात, भाजी त्यात. वर ओढल्यावर ते टोपलीसुद्धा साबणाने धूत. दूधवाला एकदा खालून म्हणाला, "काका, टोपलीला सर्दी होत नाही हो!"

काका खिडकीतून वाकले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "तिला झालं तर ती उठायची नाही रे. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय."

दूधवाला सायकल ढकलत गेला.

असे महिने गेले. काकांचे केस कानांवर आले, मग कॉलरवर. एकदा संध्याकाळी माझ्याखाली दोन पाय येऊन थांबले. पॉलिश केलेले बूट. गल्लीत बूट घालणारा माणूस एकच होता. बराच वेळ ते नुसते उभे होते. मग गुडघे कुरकुरले आणि नियमकाका वाकून आत आले.

सलूनवाल्याच्या हातातला कंगवा खाली पडला. "काका, तक्रार करायची असेल तर मुलींसमोर नको..."

"तक्रार कसली. कटिंग कर." काका खुर्चीत बसले. "ती म्हणते, तोंडाला फडकं, डोक्यावर जंगल, माझ्यासमोर कोण बसलंय तेच मला कळत नाही. म्हणते, एकदा तुमचा चेहरा नीट बघू दे. काय करू?"

सलूनवाल्याने कापड अंगावर टाकले. कानांवरचे केस उतरले, मग कॉलरवरचे. निघताना काका म्हणाले, "बोलू नकोस कुठे."

"माझ्या तोंडाला फडकंच आहे, काका."

काका हसले. मी त्यांना हसताना प्रथमच ऐकले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गल्लीच्या टोकाच्या इमारतीतून दोन माणसांना दवाखान्यात नेले. गल्लीने सभा बोलावली. सभा भरली माझ्यासमोरच, कारण तिथे रस्ता जरा रुंद आहे. मी पूर्ण खाली होतो. सगळे अंतर ठेवून, माझ्याकडे पाठ करून उभे होते. समोर, खिडकीखालच्या पायरीवर, नियमकाका टोपी घालून उभे राहिले. शिंपीणताईला जागा मिळाली नाही, म्हणून ती त्यांच्या मागे जिन्यात उभी होती. काकू वर खिडकीत होत्या.

काका म्हणाले, "गल्लीच्या तोंडाला बांबू लावू. पंधरा दिवस कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. सामान एकानेच आणायचं आणि सगळ्यांना वाटायचं. सरकार सैल सोडतंय, आपण घट्ट करू."

"घट्ट करून करून गळा आवळला आमचा," अंडीवाला ओरडला. "तुम्हाला पेन्शन आहे. मला अंडी आहेत, ती पंधरा दिवस थांबतात का?"

"माणूस थांबतो का, ते बघ," काका म्हणाले.

"एका बाजूने म्हणायचं बाहेर पडा, काम करा. दुसऱ्या बाजूने तुम्ही बांबू घेऊन उभे," दूधवाला म्हणाला. "ऐकायचं कोणाचं?"

पण काही माणसे मान हलवू लागली होती. एक आजोबा म्हणाले, पंधरा दिवसांचाच तर प्रश्न आहे. सलूनवालासुद्धा खाली बघून म्हणाला, "सगळे म्हणत असतील तर मी पण तयार आहे." मला वाटले, आता ठरणार.

मित्रांनो, तेव्हा मला जे दिसत होते ते अजून कोणाला दिसले नव्हते. माझ्याकडे सगळ्यांच्या पाठी होत्या. बंदी लागल्यापासून सलून बंद, आणि प्रत्येकाच्या मानेवर ताजे टोक.

ऊन फार होते. काकांनी घाम पुसायला टोपी काढली. मागून शिंपीणताई किंचाळली, "अगंबाई! काकांना टोक!"

 मग अंडीवाल्याचा हात आपसूक स्वतःच्या मानेवर गेला. त्याच्या शेजाऱ्याचाही गेला. पुढच्याने मागे वळून मागच्याची मान बघितली आणि जे हसू फुटले ते आवरेना. इतके महिने कोणी असे हसले नव्हते. माणसे पोट धरून खाली बसली. "काका, बांबू कुठे लावायचा? शटरखाली?" दूधवाल्याने विचारले आणि पुन्हा हशा. वर काकूही हसत होत्या, पदराने तोंड दाबून. हसता हसता त्यांना खोकला आला.

काका टोपी हातात घेऊन उभे होते. "एकदाच गेलो होतो," ते म्हणाले. ते कोणी ऐकले नाही.

बांबू लागला नाही. हसून झाल्यावर नियम कडक करा असे म्हणायला कोणाचे तोंड उरले नव्हते. लोक थकले होते. हसत हसत घरी गेले.

पुढे आजार समोरच्या घरातही आला. माझ्याखालून वाकून आला की टोपलीतून वर गेला, की बांबू लावला असता तरी आला असता, हे मला ठाऊक नाही. एका दुपारी समोर गाडी थांबली. पांढरे झगे घातलेल्या दोघांनी काकूंना खुर्चीत बसवूनच खाली आणले. काकांना गाडीत बसू दिले नाही. नियम होता. ते पायरीवर उभे राहिले.

खुर्ची माझ्यासमोरून गेली. सलूनवाला बाहेरच उभा होता. काकूंनी त्याच्याकडे बघितले.

"तेल घातलंस ना रे?" त्या म्हणाल्या. एवढे बोलायलाही त्यांना तीनदा थांबावे लागले.

त्याने मान हलवली.

"मला वाटलंच. पोरी जेवतात ना?"

गाडी गेली. सलूनवाल्याने पाणी तापवले, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि माझ्या खाचा धुवायला घेतल्या. तेल निघेना. त्याने पत्र्याच्या तुकड्याने खरवडले, पुन्हा धुतले, पुन्हा खरवडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला त्याने मला छातीपर्यंत उचलले. मी ओरडलो. त्याने मला लगेच खाली सोडले.

"उघडायचं नाही तर उचलतोस कशाला?" त्याच्या बायकोने विचारले.

"काकू आल्या की त्यांना सकाळ झालेली कळली पाहिजे," तो म्हणाला.

रोज सकाळी तो मला एकदा उचलायचा आणि खाली सोडायचा. अर्धे शटर त्याने पुन्हा केले नाही. त्या दिवसांत त्याच्याकडच्या पिठाचे काय झाले, तर दूधवाला आणि शिंपीणताई मागच्या दाराशी पिशव्या ठेवून जात. समोर काका एकटेच बंद होते. मी ओरडलो की खिडकीत येऊन उभे राहत.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. सलूनवाल्याच्या मोठ्या मुलीने दुकान हातात घेतले आहे. तिला काचेचे दार बसवायचे आहे आणि ते योग्यच आहे. मी गंजलो आहे, थकलो आहे. भंगारात जायला माझी हरकत नाही.

मित्रांनो, शटर कधी ओढावे आणि कधी उचलावे, हे लोखंडाला कळत नाही. ते तुम्हाला ठरवावे लागेल. पुन्हा तशी वेळ आली तर तुम्ही भांडाल, चिडाल, एकमेकांच्या माना बघून हसालसुद्धा. हसा. पण हसून झाले की घरी जाऊ नका. जो कडक करा म्हणतो, त्याच्या खिडकीत कोण बसले आहे ते विचारा. जो सैल करा म्हणतो, त्याचा डबा उलटा करून बघा. मग ठरवा. आणि ज्याच्या आवाजावर कोणाची तरी सकाळ होते, त्याला तेल घालण्याआधी समोर एकदा सांगून या.

सलूने उघडायची परवानगी एका बुधवारी मिळाली. काकू त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी पहाटे, दवाखान्यात वारल्या. काकांना निरोप सकाळी आला. त्याच वेळी मी ओरडत होतो.