प्रुइटच्या पंपावरची घंटी

त्या वर्षी इस्टरनंतर आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवलोच नाही. ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायचो, कारण टेबलावर प्रुइटचा पेट्रोल पंप होता.

खरा पंप कधीच गेला. हायवे गावाबाहेरून वळवला तेव्हा तो बंद पडला, आणि पुढे पाडून तिथे बियाण्यांचं गोदाम आलं. पण आमच्या कॅल्डर गावाला ऑगस्टमध्ये स्थापना दिवस साजरा करायचा होता, आणि लायब्ररीच्या कमिटीची मुख्य मार्शा हायडब्रेश्ट हिच्या डोक्यात आलं की काचेच्या पेटीत छप्पन सालच्या त्या पंपाची छोटी प्रतिकृती ठेवायची. ती बनवणार कोण? माझा नवरा डेल. जन्मभर शाळेत सुतारकाम शिकवलं आणि रिटायर झाल्यापासून आगपेटीएवढी घरं बनवत बसतो. मार्शाचं वाक्य संपायच्या आत तो 'हो' म्हणून मोकळा झाला. मला कुणी विचारलं नाही.

मग घरातल्या वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. माझा भुवयांचा चिमटा गेला. केसांवर मारायचा स्प्रे गेला, तो म्हणे खडी चिकटवायला उत्तम. वापरलेली कॉफीची पूड तो ओव्हनमध्ये वाळवायचा, अंगणातली माती म्हणून पसरायला, आणि त्या ट्रेमध्ये मी केक करायचा म्हटलं की ओरडायचा. टूथपेस्टच्या झाकणाची बादली झाली. पेट्रोल भरायच्या यंत्रांवर तेव्हा काचेचा गोल दिवा असायचा, त्यासाठी त्याने माझ्या कानातल्याचा मोती उपटला.

"एकच तर घेतला," डेल म्हणाला.

"मग दुसरा मी कुठे घालू? नाकात?"

"लॅव्हॉन, हळू बोल. रंग ओला आहे."

जणू माझ्या आवाजाने रंगावर ओरखडे उठणार होते!

हे सगळं मी सोसलं असतं. पण मेमध्ये आयोन प्रुइट यायला लागली. पंप चालवणाऱ्या क्लाइड प्रुइटची विधवा. वय अठ्ठ्याऐंशी, पाठ ताठ, अजून स्वतः गाडी चालवते आणि पार्क करताना आमच्या टपालपेटीला दर वेळी धडकते. मार्शानेच तिला सांगितलं होतं, की जाऊन बघा, काही चुकत असेल तर डेलला सांगा. एवढं निमित्त तिला पुरे होतं.

पहिल्याच दिवशी ती काठी टेकत टेबलाभोवती फिरली आणि म्हणाली, "छप्पर हिरवं होतं."

डेलने रंगीत फोटो पुढे केला. त्यात छप्पर पांढरंशुभ्र होतं.

"फोटो चुकलाय," आयोन म्हणाली.

"मिसेस प्रुइट, फोटो कसा चुकेल?"

"मी त्या छपराखाली वीस वर्षं काढली, पोरा. फोटो काढणारा दहा मिनिटं होता."

डेल सत्तरीचा आहे. तरी तो तिला 'पोरा'च. तो लहानपणी सायकलच्या चाकात हवा भरायला तिच्या पंपावर जायचा, हे ती विसरायला तयार नव्हती. छप्पर हिरवं झालं नाही, पण पुढच्या खेपेला आयोनने इतर गोष्टींवरून त्याचं डोकं पिकवलं. टायर भिंतीला टेकून नव्हते, आडवे रचलेले होते. तेलाचा डाग इथे नको, तिथे हवा. बायकांच्या संडासाचं दार मागे होतं आणि त्याची किल्ली लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली असायची, नाहीतर लोक खिशात घालून थेट ओमाहाला घेऊन जायचे. डेलने तांदळाएवढा ठोकळा कोरला, त्यात सुईने भोक पाडलं, तारेची किल्ली अडकवली. चार दिवसांचं काम. आयोनने भिंगातून बघितलं.

"ठोकळा मोठा होता."

ती गेल्यावर डेल अंगणात जाऊन उगाच गवत कापून आला. गवत आदल्याच दिवशी कापलं होतं.

खरा भडका उडाला तो घंटीवरून. जुन्या पंपावर जमिनीवर एक काळी रबरी नळी आडवी टाकलेली असायची. गाडीचं चाक तिच्यावरून गेलं की आत घंटी वाजायची, टिंग टिंग, आणि कुणीतरी बाहेर यायचं. डेलने ती नळी जाड काळ्या दोऱ्याची केली होती आणि तिचं टोक अगदी व्यवस्थित ऑफिसच्या भिंतीत नेलं होतं. सगळीकडे घंटी ऑफिसातच असते.

"ही नळी इथे का जाते?" आयोनने विचारलं.

"घंटी ऑफिसात ना."

"घंटी स्वयंपाकघरात होती. मागे. घर पंपाला लागूनच होतं."

डेलने चिमटा खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. "मिसेस प्रुइट, कृपा करून ऐका. छप्पर, टायर, ठोकळा, सगळं ऐकलं मी. पण पेट्रोल पंपाची घंटी स्वयंपाकघरात कशाला असेल? क्लाइड ऑफिसात बसायचा. त्याला ऐकू कसं येणार?"

"त्याला ऐकू येऊन काय उपयोग?" आयोन म्हणाली. "तो थोडाच उठणार होता? बाहेर मी जायचे."

मी दारात आइस टीचे ग्लास घेऊन उभी होते. डेलने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे.

"पेट्रोल तुम्ही भरायचात?"

"मग कोण? चुलीवरचं खाली उतरवायचं, हात पुसायचे, बाहेर. पेट्रोल, पाणी, तेल, काच. परत आत. क्लाइड बाकावर बसून गप्पा मारायचा. लोक त्याच्या गप्पांसाठीच यायचे हो, ते मी नाकारत नाही. चांगला माणूस होता. फक्त बसायचा फार."

"पण फोटोत तर सगळीकडे क्लाइडच्या हातात पेट्रोलची नळी आहे!"

"फोटो काढायला कुणी आलं की उठायचा."

मी लग्न करून कॅल्डरला आले तोवर पंप बंद झालेला होता, त्यामुळे मला काही माहीत नसणं ठीक. पण गावात प्रत्येकाच्या तोंडी 'क्लाइडचा पंप', 'क्लाइडने भरून दिलं', 'क्लाइड काच पुसायचा'. त्या दिवशी जेवताना डेल काटा खाली ठेवून म्हणाला, "माझ्या सायकलला हवा भरायचा तो हात बाईचाच होता. बोटात बारीक बायकी अंगठी होती. मी कसा विसरलो?"

दुसऱ्या दिवशी त्याने घंटीची नळी उपटली आणि स्वयंपाकघरापर्यंत नेली. त्यासाठी मागची अख्खी भिंत सोडवावी लागली. तोंडाने शिव्या चालू होत्या, पण हात थांबले नाहीत.

आता माणसं. मार्शाने दुकानातून बोटाएवढ्या माणसांचं पाकीट आणून ठेवलं होतं. टोपी घालून सलाम करणारा गणवेशातला पंपवाला, पाना घेतलेला मेकॅनिक, आणि हातमोजे घातलेली, पर्स लटकवलेली एक बाई. डेलने त्या बाईची पर्स कापली, मोजे तासले, लाकडाच्या भेगा बुजवायच्या लांबीने दुमडलेल्या बाह्या केल्या, एप्रन चढवला, हातात पेट्रोलची नळी दिली. सलाम करणाऱ्याचे गुडघे कापून त्याला बाकावर बसवलं. मला विचाराल तर इतकं सुरेख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

आयोनने भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता तिच्या डोळ्यांत पाणी येणार.

"ही फार बारीक आहे," ती म्हणाली.

डेलने डोळे मिटले.

"छप्पनचा उन्हाळा ना? तेव्हा रॉय पोटात होता. आठवा महिना. पोट एवढं!" तिने हाताने दाखवलं. "काच पुसताना मला गाडीच्या बाजूने वाकावं लागायचं, समोरून हातच पुरायचा नाही."

"मिसेस प्रुइट," डेल हळू म्हणाला, "आपण सत्तावन्न साल धरू या का?"

"स्थापना दिवसाच्या पोस्टरवर छप्पन छापलंय. मी वाचलं."

तेव्हा डेलने लांबीचा गोळा घेतला आणि पोट केलं. आयोनने ते तीनदा मोठं करायला लावलं.

दोन दिवसांनी मार्शा बघायला आली. ती क्लाइडची भाची, हे सांगायचं राहिलं. मामावर तिचा भारी जीव. ती टेबलाशी वाकली आणि तशीच थांबली.

"डेल, हे काय आहे?"

"आयोन."

"गरोदर? पेट्रोल भरतेय? आणि क्लाइडमामा बाकावर? लोक काय म्हणतील? अवघडलेल्या बायकोला राबवून हा बसून राहिला म्हणतील!"

"बसून राहायचाच," डेल म्हणाला.

"तिचं वय झालंय. तिला छप्परसुद्धा धड आठवत नाही, तूच म्हणालास! ही बाई काढ आणि मामाला उभा कर. नाहीतर हे लायब्ररीत येणार नाही."

"नाही येणार तर नाही. इथेच राहील. याच टेबलावर. कायमचं!"

जुलैत माझी मुलगी, जावई आणि तीन नातवंडं येणार होती. सगळ्यांनी मांडीवर ताटं घ्यायची? मार्शा तणतणत निघून गेली. डेल गॅरेजमध्ये गेला. मी त्या पोटुशा बाईकडे बघत राहिले. एका हातात नळी, दुसरा कमरेवर. कमरेवरचा हात डेलने स्वतःच्या मनाने दिला होता. आमच्या लेकीच्या वेळी मी तशीच उभी राहायचे.

मग मला टेबलापेक्षा जास्त राग मार्शाचा आला.

रविवारी चर्चमध्ये प्रार्थना झाली की सगळे तळघरात कॉफीला जमतात. मार्शा रुबार्ब घातलेली गोड पाई कापत होती. मी म्हाताऱ्यांच्या टेबलाशी गेले आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काय हो, प्रुइटच्या पंपावर तुमच्या गाडीत पेट्रोल कोण भरायचं?"

"क्लाइड," दोघे-तिघे एकदम म्हणाले.

"असं? त्याच्या हातात नळी बघितली तुम्ही?"

कप थांबले. लीलंड फ्रीस नावाचा एक म्हातारा आहे, त्याने पन्नास वर्षं दुधाचा ट्रक चालवला. तो कप हातात फिरवत राहिला.

"क्लाइड मला बेसबॉलचं सांगायचा," तो म्हणाला. "मी खिडकीतून ऐकायचो. आणि..." तो थांबला. "आणि आयोन भरायची. च्यायला! आयोनच की."

"एकदा मी उतरून म्हणालो होतो, मी पुसतो काच," पलीकडचा म्हणाला. "एवढं पोट होतं तिचं. म्हणाली, गप गाडीत बसा, काचेवर डाग पाडाल."

मग एकेकाला आठवायला लागलं. कुणाच्या रेडिएटरमध्ये तिने बर्फाच्या दिवसांत गरम पाणी ओतलं होतं. कुणाच्या आईला प्रसूतीसाठी नेताना तिने टाकी भरून दिली आणि ब्लँकेटही दिलं. आणि आजवर हे सगळे क्लाइडचं नाव घेत आलेले. मार्शाच्या हातातली सुरी पाईमध्येच रुतून राहिली होती. तिच्याकडे बघून मला वाईटही वाटलं. मामा तिचा लाडका होता, आणि कुणी त्याची निंदा केली नव्हती, सगळे फक्त आठवत होते.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. "बाई राहू दे," ती म्हणाली. "पण मामाला उभा कर. निदान उठताना तरी दाखव. एवढं कर माझ्यासाठी."

डेलने कपाळावर हात मारला. गुडघे त्याने कापून चिकटवले होते, ते पुन्हा कापायचे! पण मार्शा रडवेली झाली होती. त्याने कापले. क्लाइड आता बाकावरून अर्धा उठलेला झाला, एक हात बाकावर टेकलेला.

आयोनने तो बघितला आणि खो खो हसली. "हा कुठे निघालाय?" मग म्हणाली, "असू दे. मार्शाला बरं वाटेल."

स्थापना दिवशी लायब्ररीत पाय ठेवायला जागा नव्हती. काचेच्या पेटीसमोर रांग. लोक नाकं काचेला लावून बघत होते, आणि डेल मागे उभा राहून प्रत्येकाला काचेवर ठसे उमटवू नका म्हणून ओरडत होता. आयोनचा मुलगा रॉय डेन्व्हरहून आला होता. सहासष्ट वर्षांचा टकला, जाडा, भला माणूस. तो गुडघे वाजवत खाली बसला आणि आत बघू लागला.

"आई, पेट्रोल भरतेय ती तू?"

"मग काय परी आहे?"

"आणि बाबा?"

"उठतोय म्हणे."

रॉय बघतच राहिला. "तू कधी बोलली नाहीस. बाबांच्या प्रार्थनासभेत मी केवढं बोललो, ते उन्हातान्हात गाड्या भरायचे म्हणून. तू पहिल्या ओळीत बसली होतीस."

"तू छान बोललास. लोक रडले," आयोन म्हणाली. "मध्येच उठून काय सांगू?"

रॉयने काचेवर बोट ठेवलं, त्या लांबीच्या पोटासमोर. डेल ओरडायला पुढे झाला, मी त्याचा दंड धरला.

"हा मी?"

"तूच. आणि दिवसभर लाथा मारायचास. उजव्या बाजूने. अजून दुखतं तिथे." तिने काठी आपटली. "चल, ऊठ आता. मागे लोक थांबलेत, आणि मला उभं राहवत नाही."

रॉयला लवकर उठता येईना. लीलंडने आणि डेलने मिळून त्याला हात दिला. मग तो आईचा हात धरून, एकेक पायरी उतरत, तिला गाडीकडे घेऊन गेला. गाडीची किल्ली तिच्याकडून काढून घ्यायला त्याला आधी दारातच भांडावं लागलं.