आयव्हरचा घसा

विस्कॉन्सिनच्या उत्तरेला त्या गावात आयव्हर स्टेन्सरूडचा आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं. गुरांच्या लिलावात तो बोली पुकारू लागला की गायीसुद्धा माना वळवत. त्या हिवाळ्यात तो आवाज बसला तो बसलाच. घशात गाठ निघाली.

सर्जन हॅल्वर्सन गाठीचा तुकडा घेऊन रुग्णालयाच्या तळघरात आले. पॅथॉलॉजिस्ट व्हर्ना लिंडक्विस्टची प्रयोगशाळा तिथे होती.

"कॅन्सरच आहे. तू हो म्हटलंस की सोमवारी स्वरयंत्र काढतो."

व्हर्नाने काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पेशी वेड्यावाकड्या वाढून आत घुसलेल्या, अगदी कॅन्सरसारख्या. पण मधूनमधून पुवाचे बारके ठिपके होते. पू तर संसर्गात होतो; ते तिला खटकले.

"आज नाही म्हणत हो."

"अगं, गाठ थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"आणि कापलेला आवाज परत शिवून देणार आहात का तुम्ही?"

ती जिना चढून वर गेली. रोग्यांना भेटायची तिला सवयच नव्हती. खाटेच्या कडेला अवघडून बसत तिने विचारलं, "अलीकडे माती कुठे उकरलीत?"

"झाडं कुरतडून बीव्हरांनी ओढ्यावर घातलेला बांध फोडला," आयव्हर कुजबुजला. "कुजकी लाकडं नि चिखल. का, विकत घेताय?"

उरलेल्या तुकड्याला तिने स्वतःच्या हाताने चांदीच्या क्षाराचा रंग दिला; बुरशी असली तर त्यात ती काळी दिसते. त्या काळी ते नाजूक काम होतं; जरा जास्त वेळ ठेवलं की सगळं काळंठिक्कर. या वेळी हिरव्या पार्श्वभूमीवर नेमके काळे गोल उमटले, जाड सालीचे, रुंद बुडाने एकमेकांना चिकटलेले. ओल्या कुजक्या लाकडात वाढणारी बुरशी होती ती. कॅन्सर नव्हताच.

हॅल्वर्सन बराच वेळ वाकून बघत राहिले. "सोमवारी मी कापला असता गं त्याला," एवढंच म्हणाले.

औषध जहाल होतं. आयव्हर कित्येक आठवडे थंडीतापाने कुडकुडला, पण गाठ विरली.

वसंतात व्हर्ना लिलावाला जाऊन मागच्या बाकावर बसली. आवाज थोडा खरखरीत होता, पण होता! डोळे पुसायला तिने रुमाल वर नेला, तोच आयव्हर गरजला, "कालवड डॉक्टरीणबाईंची!"

"अहो, बोली नव्हती ती! डोळे पुसत होते मी!"

"मग सावकाश पुसा. मी थांबतो." उभ्या आयुष्यात कुणासाठी न थांबलेल्या आयव्हरने हातोडा वरच धरून ठेवला.

सगळे हसत होते. व्हर्नाने त्या तांबूस कालवडीकडे पाहिलं. तिच्याकडे साधा गोठाही नव्हता. तरी तिने हात वर केला.