रिकामे ठेवायचे खळगे

मावशीचं काम ऐकून लोक आधी हसायचेच. दिवसभर माशांच्या पिल्लांना औषध पाजते म्हणे! पण काम खरंच तेच होतं. नखाएवढ्या खळग्यांची एक प्लेट, खळगे शहाण्णव, प्रत्येकात पापणीच्या केसाएवढं एक पिल्लू आणि औषधाचा एक थेंब. एकेक औषध तीन-तीन खळग्यांत. मग वरून कॅमेरा बघणार, कोणाला झटके येतात आणि कोण शांत पोहतं. आठवड्याला शेकडो औषधं अशी चाळून निघायची. माणसांवर करायला गेलं तर सात जन्म पुरायचे नाहीत.

पिल्लं आजारी असायची, मुद्दाम तशी पैदा केलेली. आजार तोच, जो तिच्या ताईच्या मुलीला होता. पोरगी आठ वर्षांची, जिभेने तिखट, म्हणून घरात सगळे तिला लवंगी म्हणायचे. दिवसाला पंधरा-वीस झटके यायचे बिचारीला.

मेलेल्या पिल्लाचा खळगा रिकामा ठेवायचा, पुन्हा भरायचा नाही, हा लॅबचा नियम. भिंतीवर लिहिलेला होता, आणि भिंतीवर नियम छानच दिसतात. एका दुपारी मावशीचा धक्का लागला आणि शेजारशेजारची तीन पिल्लं तीन टोकांच्या ड्रॉपरखाली चिरडून मेली. तिन्ही एकाच औषधाची. आता हे औषध यादीतून गळणार, आणि नेमकं हेच लवंगीचं असलं तर? तिला राहवेना. हाताशी पिल्लांची एक बशी होती, तिच्यातली तीन उचलून तिने खळग्यांत सोडली. बशीवरची चिठ्ठी तेवढी वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी ती तिन्ही पिल्लं शांत पोहत होती. एकालाही झटका नाही. लॅबच्या साहेबांनी बजावलं, तीनदा पुन्हा करून बघितल्याशिवाय ब्र काढायचा नाही. पण मावशीच्या तोंडात एरवीही तीळ भिजायचा नाही, आणि ही तर लवंगीची गोष्ट. रविवारी जाऊन तिने ताईला सांगून टाकलं. ताई आधी रडली, मग हसली, मग लेकीला हाक मारून सांगून मोकळी झाली. लवंगीने फर्मान काढलं की माशांना माझ्याकडून थँक्यू सांग, आणि औषध कडू निघालं तर त्यांनाच परत पाज.

नवी पिल्लं वाढेपर्यंत, औषध पुन्हा मागवेपर्यंत महिना गेला. आणि एका सकाळी लवंगीला झटका आला तो थांबेचना. दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी पोर गेली.

मावशी कामावर परतली तेव्हा साहेबांनी तिला आधी खुर्चीवर बसवलं. ती नसताना प्रयोग तीनदा करून झाला होता, आणि तिन्ही वेळा औषधाचा काडीचा उपयोग झाला नव्हता. म्हणून त्यांनी पहिल्या प्लेटमधली, जपून ठेवलेली ती तीन पिल्लं तपासायला दिली होती. तिघांतही आजार नव्हताच. ती तुलनेसाठी वेगळ्या काढलेल्या निरोगी भावंडांच्या बशीतली होती. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. ताई लवंगीच्या फ्रॉकच्या घड्या घालत बसली होती. म्हणाली, थोडक्यात हुकलं गं, औषध सापडलं होतं, मीच आई म्हणून कमी पडले, अजून दोन महिने तिला सांभाळता आलं असतं तर. मावशीला वाटलं, गप्प बसावं, झाकली मूठ झाकलेलीच बरी. पण ताई असा सगळा दोष पदरात घेऊन जन्मभर बसणार, हे तिला बघवेना. बशी, चिठ्ठी, सगळं तिने सांगितलं.

"औषध नव्हतंच ताई. ती पिल्लं आधीपासूनच बरी होती. चूक माझी होती."

ताई एकच बाही पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. मावशीला वाटलं, आता ती घराबाहेर काढेल. काढावंच.

"डॉक्टर दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, फार त्रास होतोय, आता जाऊ द्या तिला," ताई म्हणाली. "मी ऐकलं नाही. तिच्या कानात म्हणत राहिले, थोडी थांब, मावशीचं औषध येतंय. म्हणून थांबली गं ती. दोन दिवस थांबली."