न वाचता चिकटवलेली चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या बेचाळिसाव्या पानाशी एक पत्र जवळजवळ तीन वर्षं पडून होतं. तोवर त्याचं उत्तर गेलंच नव्हतं. दोष कोणाचा, हे मी अजून ठरवतो आहे. थोडा माझाही असावा. मी कामगार कायद्याचा एक जुना ग्रंथ आहे, पाठ उसवलेला आणि चारचौघांत बोलायला बिचकणारा.

मला छापलं तेव्हा कारखाना म्हणजे एक फाटक, एक भोंगा आणि एक मालक, इतका साधा हिशेब होता. कोणाला इजा झाली की तो कामगार संघटनेच्या कचेरीत यायचा. तिथले सल्लागार काका मला उघडून ओळीवर बोट ठेवायचे, "हे बघा, लिहिलंय." वाचता न येणारासुद्धा मान डोलवायचा. त्या बोटाचा मला फार अभिमान होता.

पुढे कापड एका देशात विणलं जाऊ लागलं, दुसऱ्यात शिवलं जाऊ लागलं आणि तिसऱ्यात विकलं जाऊ लागलं. कायदा वरातीमागून घोडं तसा धावत होता. सरकारकडून दुरुस्तीच्या छापील चिठ्ठ्या येत. काका त्या कापून, एका कडेला खळ लावून जुन्या मजकुरावर चिकटवत आणि कोपऱ्यात तारीख घालत. मी फुगत गेलो.

अशात ते पत्र आलं. शर्ट शिवणाऱ्या एका बाईचा उजवा हात वाफेच्या इस्त्रीखाली भाजला होता. दुसऱ्या कोणाकडून तरी तिनं लिहून घेतलं होतं, "ठेकेदार गाळा रिकामा करून पळाला. गाळेवाला म्हणतो, मी फक्त भाडं घेतो. परदेशी कंपनी म्हणते, आम्ही फक्त शर्ट घेतो. सगळ्यांनी हात वर केले, दादा. माझा तर वरही होत नाही. भरपाई कोणाकडे मागू? माझा मालक कोण?"

माझ्यात एकच उत्तर होतं: पगार देतो तो मालक. तो तर पळालेला. "माहीत नाही" असं लिहायची काकांना लाज वाटली. काही सापडलं की लिहू, म्हणत त्यांनी पत्र माझ्यात ठेवलं. निवृत्त झाल्यावर ते मला घरी घेऊन आले.

परवा काकू कपाट आवरत होत्या. पत्र खाली पडलं.

"अहो, हिला उत्तर दिलंत?"

"काय देणार? उत्तरच नव्हतं."

"नव्हतं, की शोधलं नाहीत?"

"तू वकील व्हायला हवी होतीस."

"तुमच्यासारखी झाले असते, तर अशील अजून पायरीवर बसले असते. उघडा ते बाड!"

काकांनी चष्मा पुसून बेचाळिसावं पान उघडलं. तिथे एक चिठ्ठी होती. ठेकेदार सापडत नसेल, तर माल घेणाऱ्या कंपनीच्या इथल्या कचेरीलाच मालक धरावं. आधीच्या अपघातांनाही हे लागू. दावा अपघातापासून तीन वर्षांच्या आत करावा. कोपऱ्यातली तारीख पत्रानंतर आठ महिन्यांची, काकांच्याच अक्षरातली. त्या महिन्यात चिठ्ठ्यांचा ढीग आला होता. काकांनी पत्र उचललं, चिठ्ठी चिकटवली आणि पत्र परत ठेवलं. वाचलं काहीच नाही. मी उत्तर छातीशी धरून गप्प बसलो होतो.

मुदतीला नऊ दिवस उरले होते. पत्रावर फोन नंबर नव्हता. काकांनी तिथेच कागद ओढून उत्तर लिहायला घेतलं. माफीचंच पाऊण पान झालं.

"माफी एका ओळीत आटपा," काकू म्हणाल्या. "मुदतीची तारीख वर घाला, मोठ्या अक्षरांत."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तरी चालेल, पाठ उसवली तरी चालेल. पण माझ्यात काही चिकटवाल, तर आधी वाचा. आणि उत्तर ठाऊक नसेल, तर तेवढं तरी कळवा. वाट पाहणाऱ्याला दुसरीकडे विचारता येतं.

वाटेत बेचाळिसाव्या पानाची नक्कल काढून जोडायची, म्हणून काका मला काखेत घेऊन टपाल कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकिटावर शिक्का मारला.

"पोहोचेल ना हो, दोन दिवसांत?"

"बाई त्याच पत्त्यावर असल्या, तर पोहोचेल."

काकांनी पावती घेतली. पाकीट पलीकडच्या पोत्यात पडलं.