आढ्यावरची कणसं

घरी आलेल्याला घरातलं चांगल्यात चांगलं द्यायचं, एवढं म्हाताऱ्या फेलिसियानाला कळत होतं. म्हणून आरोग्य केंद्रातली मारलेनी पिशवी घेऊन घरोघरचा मका मागत आली, बुरशीचं विष तपासायला, तेव्हा म्हातारीने रोजच्या खाण्याच्या मक्याच्या पोत्याला हातसुद्धा लावला नाही. तसला कळकट मका परक्या मुलीच्या हाती द्यायचा म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. तिने आढ्याला टांगलेली बियाण्याची दोन कणसं उतरवली आणि टपोरे दाणे पिशवीत भरले.

तीन आठवड्यांनी मारलेनी हसतच आली.

"फेलिसियानाबाई, अख्ख्या गावात तुमचा मका पहिला. विषाचं नाव नाही. दुसरा नंबर तोमासाबाईंचा."

शेजारीण तोमासा कुंपणाशीच उभी होती. "काय म्हणालीस? पुन्हा सांग," फेलिसियाना मारलेनीला म्हणाली आणि ते वाक्य मोठ्याने वदवून घेतलं.

चुलीपाशी सून ओतिलिया मक्याच्या पातळ भाकऱ्या, टॉर्टिया, थापत होती. तिला दुसरा महिना होता.

"म्हणजे मी खाऊ ना?" तिने विचारलं.

"दिवसाला किती खातेस?"

"दहा-बारा."

"खुशाल खा. ज्यांचा मका वाईट निघाला त्या गरोदर बायकांनाच थांबवलंय मी. सुरुवातीच्या दिवसांत हे विष बाळाच्या कण्याला बाधू शकतं."

फेलिसियानाने चुलीकडे पाहिलं. सुनेच्या परडीतल्या टॉर्टिया पोत्यातल्या मक्याच्या होत्या. त्यातले राखाडी, गुलाबी दाणे तिने स्वतः पदराने पुसून घेतले होते. आणि कुंपणाशी तोमासा अजून उभीच होती. उभी राहू दे, म्हातारीने मनाशी म्हटलं.

"ओतिलिया, ठेव ती टॉर्टिया खाली. पोरी, मी तुला बियाणं दिलं होतं. आम्ही खातो तो मका त्या पोत्यात आहे."

फेलिसियाना मान खाली घालून तोमासाच्या टोमण्याची वाट पाहू लागली.

"मी तर बहिणीकडून मागून आणला होता," तोमासा म्हणाली.

मारलेनी मटकन स्टुलावर बसली. "आणखी कितीजणींनी असं केलंय?"

दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आधी ओतिलिया हसली, मग मारलेनीलाही आवरेना.

"आता सगळं गाव पुन्हा," डोळे पुसत ती म्हणाली. "आणि या वेळी पिशवी मी भरणार, जेवणाच्या परडीतून."

तिने उठून तपासायला परडीतल्या चार टॉर्टिया उचलल्या. फेलिसियानाने उरलेल्या मागच्या खड्ड्यात पुरल्या, स्टूल ओढलं आणि सुनेला खायला आढ्यावरची उरलेली सगळी कणसं खाली काढली.

"आई, मग पेरायचं काय?" ओतिलियाने विचारलं.

"तोमासाच्या बहिणीकडून आणू," म्हातारी दाणे सोलत म्हणाली. "तिचा मका तपासून झालाय."