जोडसायकलची मागची सीट

जोडसायकलवर मागे बसणाऱ्या बाईला जग दिसत नाही, नवऱ्याची पाठ दिसते. आमच्या ह्यांची पाठ काही बघत राहावी अशी नाही. त्यात शर्टाला मधोमध एक चुणी, आणि इस्त्री ह्यांनी स्वतः केलेली. पस्तीस वर्षं धुलाई-इस्त्रीचं दुकान चालवून माणसाला पाठीवरची चुणी मोडता येत नसेल तर काय बोलायचं! तरी मी बोललेच. पहिली टेकडी चढून होईपर्यंत बोलले. वारा समोरून होता. माझं बोलणं मागच्या मागे उडून जात होतं आणि हे आपले "हो, हो" करत पायडल मारत होते.

सायकल एका लॉजवाल्याची. त्याच्या चादरी आमच्याकडे यायच्या. लॉज बंद करताना म्हणाला, "काकू, पाहुण्यांसाठी घेतली होती, आता तुम्हीच फिरवा." वळणारं हँडल एक, सीट दोन, पायडलच्या जोड्या दोन आणि ब्रेक फक्त पुढच्याच्या हातात. ही रचना मला मुळीच पटली नव्हती. मी पुढे बसून पाहिलं. दुकानामागे दोन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीला पाण्याच्या नळावर नेऊन घातली. म्हणून मागे.

सकाळी हे म्हणाले, "अगं, आज सुट्टी आहे. जरा टेकड्यांवरून फिरून येऊ."

"किती टेकड्या?"

"दोन-तीन."

दोन म्हटल्या तर ते फिरणं. तिसरीच्या पलीकडच्या उतारावर आमची मुलगी राहते. सहा वर्षं झाली. खाणीवर ट्रक चालवणाऱ्याशी लग्न करते म्हणाली. मी म्हटलं, कर, पण मग या दाराला हात लावू नकोस. तिनं लावला नाही. ह्यांना मी तेव्हाच बजावलं होतं, "तुम्ही बाप आहात, खुशाल जा. पण तिच्यापुढे माझं नाव काढलंत तर गाठ माझ्याशी आहे." हे दोन-दोन महिन्यांनी बसनं जाऊन येतात. आल्यावर मी विचारत नाही, हे सांगत नाहीत.

तर "दोन-तीन" ऐकून मी न ऐकल्यासारखं केलं आणि कपाटातले ठेवणीतले कपडे काढून घातले. घाम गाळायला निघताना ठेवणीतले कपडे कोण घालतं, असं ह्यांनी विचारलं असतं तर मी चांगलं ऐकवणार होते. विचारलंच नाही.

दुसऱ्या चढावर मी पाय नुसते फिरवले, जोर लावला नाही. बघू म्हटलं, ह्यांना कळतं का. हे धापा टाकत म्हणाले, "आज चढ जरा जास्तच वाटतोय, नाही?" म्हणजे मी मागे आहे हे ह्यांना वजनावरून कळत होतं, जोरावरून नाही. मग मीच गुपचूप जोर लावला. वाटेत माणूस नव्हतं. वाळलेलं गवत, दगडी कुंपणं, लांबवर खाणीची पांढरी कड. दोघं एका सायकलवर होतो आणि मला वाटत होतं की मी एकटीच कुठेतरी निघाले आहे.

तिसरी टेकडी उतरून एका बुटक्या भिंतीपाशी ह्यांनी सायकल टेकवली. भिंतीपलीकडे लहानसं अंगण, त्याच्या टोकाला तिचं घर.

"येतेस?"

"मी? मी कशाला!"

"बरं," म्हणाले आणि गेले. जरा आग्रह करावा, तर तेही नाही.

मी भिंतीवर बसले. समोर दोरीवर कपडे वाळत होते. परक्याच्या दोरीवरही माझी नजर जाते, ही तर पोटच्या मुलीची. शर्ट खालच्या घेराकडून चिमट्यात धरलेले, बाह्या खाली सोडलेल्या. खांद्याला चिमटा लावला तर शर्टाला कान फुटतात, हे ती नऊ वर्षांची असताना मी तिला शिकवलं होतं. गडद कपडे उलटे करून सावलीत. एक चूक सापडेना. शेवटाला एक फ्रॉक होता, वीतभर. त्याच्याशेजारी दोन चड्ड्या, माझ्या तळहातात मावतील एवढ्या.

मी त्या पुन्हा मोजल्या. दोनच होत्या.

ह्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं कुठे होतं?

आतून तिचं हसणं ऐकू आलं. मग दार वाजलं. मी झटकन वळून सायकलच्या साखळीवर वाकले, जणू तिथेच घोडं अडलं होतं. पावलं भिंतीपर्यंत आली. दगडावर पेला ठेवल्याचा आवाज झाला. मग ती दोरीकडे गेली. चिमटे एकेक करून निघत होते. शेवटचा निघाला, दार लागलं, तेव्हा मी मान वर केली. पेल्यात पाणी होतं. ह्यांनी पाठवलं असणार म्हणून मी प्यायले. ह्यांच्या हातचं प्यायला मला कसली लाज? पेला भिंतीवर पालथा घातला. आत नेऊन द्यायचा तर वीस पावलं होती.

हे आले आणि आम्ही निघालो. माथ्यावर दम खायला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "पाणी पाठवलंत. एवढं तरी सुचलं म्हणायचं."

"कुठलं पाणी?"

"पेलाभर पाणी! तिच्या हाती पाठवलंत ते."

"मी नाही पाठवलं," हे म्हणाले. "तिनं विचारलं, बाबा, मागच्या सीटवर कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही, रिकामी होती."

"आणि तिला पटलं?"

"म्हणाली, एकट्यानं तीन टेकड्या ओढलीत? मी म्हटलं, ओढली. मग खूप हसली. खिडकीतून बघितलं आणि कपडे काढायला म्हणून बाहेर गेली."

"अहो, सायकलशेजारी धडधडीत बाई बसलेली दिसतेय आणि तुम्ही सांगता सीट रिकामी!"

"तुझं नाव काढायचं नव्हतं ना," हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट.

म्हणजे तिनं मला ओळखलं होतं. ओळखून पाणी ठेवलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. मी वाकलेली, माझे पिकलेले केस तिच्याकडे, आणि ती शेजारी चिमटे काढत उभी होती. किती सावकाश काढत होती ते मला आता आठवलं.

खाली तिचं छप्पर दिसत होतं. सगळा उतार. पायडलसुद्धा मारावं लागलं नसतं.

"वळवू का?" ह्यांनी विचारलं.

"अंधाराच्या आत घरी पोचायचंय ना," मी म्हटलं.

हे दुसऱ्यांदा विचारत नाहीत. दुसऱ्यांदा विचारलं की मी अंगावर जाते, एवढं पस्तीस वर्षांत पक्कं शिकलेत. मी मागे बसले. हे हँडल धरून तसेच उभे राहिले. मीही पाय जमिनीवरच टेकून ठेवले, आता विचारतील, आता विचारतील म्हणून. तेवढ्यात त्या घराच्या दारात कुणीतरी आलं, लहान की मोठं ते एवढ्या लांबून कळेना. मग ह्यांनी हँडल न वळवता पायडलवर पाय ठेवला, आणि मीही ठेवला.