साळूची काच

"सापडलं का, मामा?"

"ठहर जरा."

नरहरमामांनी काच खिडकीकडे धरली, तिरकी केली, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा डोळ्याजवळ आणली. साळूच्या गालावर माझ्या पेन्सिलीचं एखादं टिंब तरी सापडावं म्हणून ते केव्हाचे शोधत होते. शेवटी म्हणाले, "न्हाई सापडत. हात बसला तुझा, उमे."

तीन वर्षांत पहिल्यांदा चांगलं बोलले.

यजमानांनी दुसरं घर केलं, कुंकू तेवढं माझ्याकडे राहिलं, तेव्हा मी जालन्याला मामांच्या स्टुडिओत फोटो काढायला शिकायला आले. पण कॅमेऱ्याला हात लावू देतील तर शपथ! त्याच्यावरचं काळं फडकं धुवायचं मी, कॅमेरा त्यांचा. "पहिले पेन्सिल," एवढंच ऐकत आले. याची सुरकुती घालव, त्याचे डोळ्याखालचे खड्डे भर. फोटो ज्या काचेवरून छापायचा तिच्यावर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं. तोंडावरचा काळा वण तिथे उजेडाचा ठिपका होतो. तो पेन्सिलीच्या टोकाने भरत न्यायचा, की कागदावर गाल साफ. रोज तुळशीपुढे तेहतीस गोपद्मं काढायचा माझा चातुर्मासाचा नेम. तो झाला की काचेवर ठिपके भरायला बसायचं. देवाचे ठिपके तेहतिसांवर संपत, मामांचे संपत नसत. कधी वाटे, पेन्सिल मोडून नालीत टाकावी. मग नामस्मरण करून पुन्हा तिला टोक काढायचं.

साळू पिंपळगाव रेणुकाईची. देवी येऊन गेलेल्या, चेहरा वणांनी भरलेला. वैशाखात तिचा मामा तिला घेऊन आल्यावर म्हणाला होता, "परतूरच्या पाव्हन्याला फोटू दावायचाय. एक बी वण दिसाया न्हाई पायजे." ती काच भरायला मला एकोणीस दिवस लागले. पण फोटो न्यायला कुणी आलंच नाही.

आणि आता त्याच काचेवर माझं सगळं ठरायचं होतं. हैदराबादेत बड्या घरच्या बायका पडद्यात, म्हणून तिथल्या एका स्टुडिओला फोटो काढणारी बाई हवी होती. त्यांचे बद्रीनाथजी औरंगाबादेहून परतताना गुरुवारी जालन्याला उतरणार होते. हात पसंत पडला, तर कॅमेरा शिकवून कामावर घेणार होते. फक्त काच दाखवा, असा त्यांचा निरोप होता.

बुधवारी दुपारी एक बाई दारात उभी राहिली. अनवाणी, पाय धुळीने पांढरे.

"साळूचा फोटू हितंच हाय का वं? म्या तिची माय, गोजरबाई."

"या मावशी. साळू कशी आहे?"

"आखाडात पटकी आल्ती गावात. येका दिसात गेली."

मी दर्शनी कपाटातला फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने तो पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"ही कोन?"

"साळूच आहे, मावशी."

"न्हाई माय. लुगडं तिचंय, गळ्यातली सरी बी तिचीच. ही दुसऱ्या कुनाची लेक हाय."

मामा आतून ओरडले, "अहो बाई, तुमच्याच भावानं सांगितल्तं वण काढा म्हणून! बिलकुल शहरातली दिसून राह्यली ना?"

"शहरातली घेऊन काय करू दादा?" तिने फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. "हितं व्हता. बोरायेवढा. देवी आल्या तवा खाजवू नये म्हून म्या तिचे हात फडक्यानं बांधल्ते. सात दिस बसून काढले. येकदा माझा डोळा लागला, अन् गाठ सुटली." बोट तिथून हलेना. "त्यो वण माझ्यापायी हाय."

"परवा या," मी म्हटलं. "परवा तुम्हाला खरा काढून देते."

"बरं." ती लगेच वळली. "पर वीस कोस हाय माय. गावची गाडी सांजच्याला निघंल. फिरून कवा येईल, देवाला ठावं."

खरं सांगते, मला तिचाच राग आला. इतके दिवस सोडून हिला आजच यायचं होतं?

ती पायरी उतरली. "थांबा मावशी," म्हणत मी पेन्सिल पुसायची टर्पेंटाइनची बाटली काढली.

"उमे, डोकं फिरलं का तुझं? उद्या तो माणूस येऊन राह्यला!"

"पुन्हा भरीन."

"एकोणीस दिवसांचं काम येका दिवसात? गेलेल्या पोरीला वण असले काय न् नसले काय?"

"मामा, कापूस द्या."

त्यांनी दिला नाही. मी देवघरातला वातींचा कापूस घेतला. एकोणीस दिवस पुसायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कापूस काळा झाला.

काच आणि कागद चौकटीत घालून अंगणात उन्हाला लावले. मधूनमधून मागची फळी उघडून पाहायचं. गोजरबाई शेजारी उकिडवी बसली होती. आधी लुगडं उमटलं, मग सरी, मग चेहरा. हळूहळू गालावर एकेक वण आला.

"ह्यो बग," ती म्हणाली. "हितं डोळा लागल्ता माझा."

धुऊन वाळवलेला फोटो तिने पदरात बांधला. कपाटातल्या फोटोकडे पाहून म्हणाली, "तिला बी नीट ठिवा. कुनाची तरी आसंल."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथजींनी काच खिडकीकडे धरली.

"बाई, इसमें काम किधर है? इसको तो हाथ ही नहीं लगा."

मामांनी घाईने कपाटातला फोटो पुढे केला.

"कागज नक्को," ते म्हणाले. "कागज किसी का भी रहता."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला खूप होतं. मी म्हटलं, "दुसऱ्या काचा आहेत." त्यांनी दोन पाहिल्या, "ठीक है" म्हणाले आणि हैदराबादचं नावही न काढता, गाडीची वेळ झाली म्हणून उठले.

शुक्रवारी गोपद्मं काढून आले, तर मामांनी मेजावर नवी काच ठेवली होती. कुणा शेठजींची. "हनुवटी येकच दिसू दे," म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे गेले.

साळूची काच अजून मेजावर, खालून उजेड देणाऱ्या आरशावर तिरकी होती. काळ्या चेहऱ्यावर सगळे वण लखलखत होते. मोठा होता तो मी बोटाने झाकून पाहिला. मग बोट काढलं, आणि साळूच्या जागी शेठजींना लावलं.